हंगामअखेरचा मुक्काम

इंग्लंडातील ऑक्टोबर सरत आला, शाळांची लहानशी सुट्टी आटोपली आणि महिन्याच्या अखेरच्या रविवारी घड्याळाचे काटे एक तास मागे घेण्यात आले, म्हणजे नॉरफोकच्या उत्तर किनाऱ्यावर पाच वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो; आणि नेमक्या याच सुमारास, शहरांतील कचेऱ्यांत आणि इस्पितळांत वर्षभर राबलेली काही माणसे मोटारीमागे कॅरव्हॅन जोडून, दोन-तीन रात्रींच्या मुक्कामासाठी त्या ओस पडू लागलेल्या किनाऱ्याकडे निघतात. ज्याने ऑगस्टमधील लांबलचक सहली तेवढ्या ऐकल्या आहेत त्याला ही यातायात निष्कारण वाटेल. परंतु कामकरी मनुष्याला ज्या विश्रांतीची खरी गरज असते ती या अवेळीच्या, आखूड रजेतच पुष्कळदा लाभते, असे माझे निश्चित मत आहे, आणि तिच्यामागे जी कायद्याची व्यवस्था उभी आहे तिचा विचार महाराष्ट्रानेही करावा, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

ऑगस्टच्या पंधरवड्यात मनुष्य कचेरीतील घाई बरोबर घेऊनच निघतो, कारण काय पाहावे, कोठे जेवावे, मुलांना कशात रमवावे याची टिपणे त्याच्या खिशात असतात आणि रजेचा प्रत्येक दिवस त्याला सत्कारणी लावावयाचा असतो. ऑक्टोबरअखेरीस या टिपणांचा काही उपयोग उरत नाही. अंधार लवकर पडतो, वारा समुद्रावरून थेट येतो, आणि दिवा लावून, रजई पांघरून, चहाचा दुसरा पेला हाती घेऊन बसण्यापलीकडे करण्याजोगे काही नसते. पहाटे मात्र त्या किनाऱ्यावर जे दिसते त्याला तोड नाही. आइसलँड आणि ग्रीनलँडहून आलेले गुलाबी पायांचे रानहंस भरती-ओहोटीच्या चिखलपट्ट्यांवर रात्र काढतात आणि उजाडता उजाडता हजारोंच्या संख्येने, आकाशभर कलकलाट करीत, आतल्या शेतांकडे उडतात. तेथे साखरेच्या बीटाची काढणी झाल्यावर मागे राहिलेले शेंडे आणि पाला हे त्यांचे अन्न. आपल्याकडे उसाच्या गळीत हंगामाची तयारी चालू असते त्याच दिवसांत तिकडचे बीटाचे कारखानेही धडधडत असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ते परके शेत मराठी वाचकाला तितकेसे परके वाटणार नाही.

या मुक्कामात हातांनाही काम असते. थंडी शून्य अंशाजवळ आली की निळ्या टाकीतील ब्यूटेनचा वायू होईनासा होतो, म्हणून जाणते लोक प्रोपेनची लाल टाकी जोडतात. आणि परतल्यावर नळ, पंप व पाणी तापविण्याची टाकी यांतील सर्व पाणी काढून टाकतात, कारण हिवाळ्यात ते गोठून फुगले तर नळ्या फुटतात. ज्याच्या मेजावरील कागद कधीच संपत नाहीत, त्याला आरंभ आणि अंत असलेले हे काम फार मोठे समाधान देते.

हे सुख आरंभी सर्वांसाठी नव्हते. विश्रांतीच्या प्रवासासाठी मुद्दाम बांधलेली पहिली कॅरव्हॅन म्हणून जी ओळखली जाते ती ‘वाँडरर’ १८८५ साली ब्रिस्टलमध्ये तयार झाली. तिचे मालक डॉ. गॉर्डन स्टेबल्स हे नौदलातील निवृत्त वैद्य आणि ग्रंथकार होते, आणि घोड्यांनी ओढलेल्या त्या गाडीतून ते सेवकांसह थेट इन्व्हरनेसपर्यंत गेले. पगारदार मनुष्याला मात्र १९३८ च्या भरपगारी रजेच्या कायद्याची वाट पाहावी लागली. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो १९६० चा कॅरव्हॅन-स्थळांविषयीचा कायदा. सर्रास तळ पडून गावांची दैना होऊ नये म्हणून त्याने परवान्याची सक्ती केली, परंतु ती करतानाच लहान शेतकऱ्यासाठी दार उघडे ठेवले: मान्यताप्राप्त संस्थेने दाखला दिला असेल तर सरकारी परवान्यावाचूनही एखाद्या कुरणात पाच कॅरव्हॅनपर्यंत मुक्काम करता येतो. हंगाम संपून मोठमोठे तळ बंद होऊ लागले तरी यांतील काही कुरणे चालू राहतात. एक नळ, सांडपाणी ओतण्याची जागा आणि चिखलात चाक रुतलेच तर ट्रॅक्टर घेऊन येणारा मालक, एवढ्या सरंजामावर हे सारे निभते. ज्याने कोणी पाच हा आकडा ठरविला त्याने, माझ्या मते, मोठे शहाणपण दाखविले. कारण पाच गाड्यांनी शेताचे शेतपण जात नाही आणि मालकाच्या पदरी चार पैसे मात्र पडतात.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे आणि २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु ही दोन्ही धोरणे एकाच बांधावर येऊन मिळावीत, असे मला मनापासून वाटते. कॅरव्हॅन विकत घेणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असले तरी तिघाचौघांनी मिळून दोन रात्रींपुरती ती भाड्याने घेता येईल. अडचण आहे ती तिला उभे करण्याच्या जागेची. भोर, जुन्नर, अकोले या तालुक्यांत दिवाळीच्या आगेमागे भात कापून झाला, पावसाळी पर्यटकांची झुंबड ओसरली, म्हणजे खाचरांशेजारचे कितीतरी माळ रिकामे असतात, आणि त्याच दिवसांत पुण्या-मुंबईच्या नोकरदाराची थोडीशी शिल्लक रजा वर्षअखेरीस बुडण्याच्या बेतात असते. अशा माळाच्या मालकाला पाच गाड्यांपर्यंत, ठराविक मुदतीसाठी, बिनशेती परवानगीच्या खेपा न घालता, ग्रामपंचायतीच्या एका दाखल्यावर मुक्काम देण्याची मुभा असावी. अट एकच, पण ती मात्र कसोशीने पाळली जावी: गाडीतील मैलापाणी ओढ्यात किंवा खाचरात न सोडता त्यासाठी बांधलेल्या टाकीतच रिते व्हावे, आणि त्या टाकीचा निम्मा खर्च शासनाने सोसावा.