कूस उजवताना

लग्नाला दोन वर्षे उलटली की ‘काही विशेष?’ हा प्रश्न देगलूरसारख्या तालुक्याच्या गावी सुनेचा पाठलाग करू लागतो. नवस-व्रते आटोपतात, मग नांदेडची वाट धरली जाते. ऐपत असेल तर सीमेपलीकडचे हैदराबाद. तेथून हाती येतात त्या स्त्रीबीज पक्व करणाऱ्या गोळ्या. या उपचारांनी असंख्य घरांत पाळणे हलले, हे मान्यच केले पाहिजे. पण त्यासाठी शरीराला काय सोसावे लागेल, हे त्या सुनेला कोणी सांगते काय?

क्लोमिफेन ही त्यातली सर्वांत परिचित गोळी. काही स्त्रियांत तिच्यामुळे रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते. ती आधीच वाढलेली असेल, तर स्वादुपिंडाला सूज येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. विपर्यास असा, की ही गोळी प्रामुख्याने ज्यांना दिली जाते, त्या पीसीओएसग्रस्त स्त्रियांपैकी अनेकींत शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. साखर आणि चरबी यांचे गणित मुळातच बिघडलेले असते. इंजेक्शनांनी अंडाशय अतिउत्तेजित झाले, तर पोटात पाणी साचते, रक्त दाटते, लघवी कमी होते, चार-आठ दिवसांत वजन वाढते. ‘अंग धरले हो सूनबाईंनी’ म्हणून घरची मंडळी समाधान मानतात, तेव्हा तिने खरे तर रुग्णालयात असावयास हवे!

लेट्रोझोल हे मुळात स्तनाच्या कर्करोगावरचे औषध. वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर केंद्र सरकारने २०११ मध्ये बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेतील ७५० पीसीओएसग्रस्त स्त्रियांच्या अभ्यासात ते क्लोमिफेनपेक्षा सरस ठरले आणि २०१७ मध्ये आपल्याकडील बंदी उठली. औषध तेच, परीक्षेने मत बदलले. मग जी स्त्री ते घेते, तिची परीक्षा का होऊ नये? उपाशीपोटी साखर, चरबी, थायरॉइड आणि उपचार चालू असताना सोनोग्राफी, एवढेच तर हवे. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा पट्टी आणणे, हा उपचार नव्हे.

आणि पुरुषाचे काय? पुत्रकामेष्टीला दशरथ स्वतः बसला होता, राण्यांना पुढे करून तो महालात थांबला नव्हता. आज वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त तपासणी असूनही तिचे नाव काढताच घरातला पुरुषार्थ दुखावतो. नांदेडच्या बसमध्ये सुनेशेजारी बसलेली असते ती सासू.