बर्नआउट: धूर जास्त म्हणजे वेग जास्त नव्हे

टायर जागेवर फिरवून धूर काढणे म्हणजे बर्नआउट. रीलवर तो नुसता रुबाब असतो. ड्रॅग रेसमध्ये त्याचे काम आहे. टायरवरची माती निघते, रबर तापते, सुटताना पकड मिळते.

आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये इंजिन पुढची चाके फिरवते. म्हणून मॅन्युअल गाडीत हँडब्रेक घट्ट ओढून मागची चाके धरायची, स्टेअरिंग सरळ ठेवायचे, आरपीएम वाढवून क्लच झटकन सोडायचा. अर्धवट क्लचवर रेंगाळलात, तर टायरऐवजी क्लचप्लेट जळते. साध्या रोड टायरला दोन-तीन सेकंद पुरे. जास्त तापवला तर पकड उलट कमी होते. शिवाय साध्या डिफरन्शियलमध्ये एकच चाक घसरले, तर ते स्पीडोमीटर दाखवतो त्याच्या दुप्पट वेगाने फिरते. काटा ८० वर, चाक १६० वर! टायर फुटू शकतो. मोबाइल घेऊन शेजारी उभ्या मित्राने हे लक्षात ठेवावे.

बीड बायपास ही याची जागा नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार रस्त्यावरच्या शर्यतीला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कलमात ‘राज्य सरकारच्या लेखी संमतीविना’ असे शब्द आहेत. म्हणजे संमतीची वाट कायद्यानेच ठेवली आहे. वाळूजला बजाज, शेंद्र्याला स्कोडा असलेल्या शहरातल्या पोरांनी ड्रॅग रेससाठी ॲम्बी व्हॅलीची धावपट्टी का गाठावी? पाव मैल म्हणजे ४०२ मीटर सरळ रस्ता, पुढे थांबायला त्याहून जास्त जागा, मार्शल आणि रुग्णवाहिका. वर्षातले चार रविवार एवढे शेंद्र्यातच द्यावे.