रात्रीचे पार्सल आणि शेजाऱ्यांची झोप

बंगळुरू शहरातील यशवंतपूर हे रात्री लवकर न झोपणारे उपनगर आहे. येथील रेल्वे स्थानकावरून दिल्लीपर्यंतच्या लांब पल्ल्याच्या गाड्या सुटतात. २०१४ मध्ये येथे मेट्रो आली. बाजार समितीच्या आवारात महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक येतात आणि जवळच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत पाळ्या चालतात. मेट्रोची शेवटची गाडी निघून गेल्यावरही हमाल, ट्रकचालक, रिक्षावाले, पहारेकरी, परिचारिका आणि उशिराच्या गाडीने उतरलेले प्रवासी यांची रस्त्यावर ये-जा असते. ही माणसे काम करतात म्हणून शहर सकाळी वेळेवर जागे होते. साहजिकच त्यांना मध्यरात्री भूक लागते.

अशा ठिकाणी एखाद्याने रात्री एक वाजेपर्यंत केवळ पार्सल देणारे खाद्यपदार्थांचे दुकान चालवण्यासाठी परवाना मागितला आणि वरच्या मजल्यांवर व समोरच्या गल्लीत राहणाऱ्यांनी त्यास हरकत घेतली, तर परवाना द्यावा की नाकारावा? माझे मत आधीच सांगून टाकणे बरे. परवाना द्यावा, मात्र तो अल्प मुदतीचा असावा, त्याच्या अटी शेजाऱ्यांना स्वतः तपासता येतील अशा असाव्यात आणि त्या मोडल्यास तो खरोखरीच रद्द व्हावा. हे मत मांडणे सोपे आहे. त्याच्या विरोधात जे म्हटले जाते, त्याला उत्तर देणे तेवढे सोपे नाही.

प्रथम शेजाऱ्यांची बाजू पाहू. तिची थट्टा करण्याची एक पद्धत सुशिक्षित वर्गात रूढ झाली आहे. 'शहरात राहायचे तर आवाज सहन करायला हवा', असे म्हणणारी व्यक्ती बहुधा अशा दुकानाच्या वर राहत नसते. तळणीचा धूर बाहेर फेकणाऱ्या पंख्याची घरघर तासन्‌तास चालते. तो आवाज मोठा नसतो, पण अखंड असतो आणि भिंतीतून अंथरुणापर्यंत पोहोचतो. त्यात भांडी आपटण्याचा, गॅसचे सिलिंडर ओढण्याचा आणि शेवटी लोखंडी शटर खाली ओढण्याचा आवाज मिसळतो. खरकट्यासाठी कुत्री जमतात आणि दोन वाजता आपसांत भांडतात. तेलकट पाणी गटारात जाऊन गटार तुंबते. त्याचे परिणाम सकाळी दिसतात.

याहून महत्त्वाची गोष्ट 'पार्सल' या शब्दातच दडलेली आहे. बसून खाण्याचे हॉटेल मोठे आणि पार्सलचे दुकान लहान, म्हणून त्याचा त्रासही कमी, असे अधिकाऱ्यांना वाटते. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. हॉटेलातील गिऱ्हाईक चार भिंतींच्या आत बसते. त्याच्या गप्पा, हसणे, भांडण हे सारे मालकाच्या छपराखाली राहते. पार्सलच्या दुकानाला बसण्याची जागा नसते, म्हणून रस्ता हीच त्याची बैठक होते. गिऱ्हाईक पुडा हाती घेते आणि शेजारच्या घराच्या पायरीवर बसून खाते. घरपोच अन्न नेणारी मुले दुचाकी सुरू ठेवूनच उभी राहतात, कारण त्यांची मिळकत मिनिटांवर अवलंबून असते. दुकानदार स्वतः कितीही सज्जन असला, तरी त्याच्या धंद्याचा गोंगाट दुसऱ्याच्या दारात होतो.

आवाजाची मर्यादा कायद्याने ठरवून दिलेली आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा हा रात्रीचा काळ होय. या काळात निवासी भागात ४५ डेसिबल आणि व्यापारी भागात ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचे माप साध्या मोजपट्टीसारखे नसते. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट. दोन माणसे समोरासमोर उभी राहून नेहमीच्या स्वरात बोलली, तर एका मीटरच्या अंतरावर सुमारे ६० डेसिबल आवाज होतो. यावरून रस्त्यावर उभ्या असलेल्या दहा-बारा जणांचा पहिल्या मजल्यावरील खिडकीवर काय परिणाम होत असेल, याची कल्पना येते. झोप ही चैनीची वस्तू नव्हे. २०१२ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावरील प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने झोपेला राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कात स्थान दिले. आपल्याकडे तर देवालाही शेजारती करून निजवतात आणि मग मंदिराची दारे लावून घेतात.

परंतु याच अनुच्छेद २१ चा आधार दुसऱ्या बाजूलाही आहे. मुंबईच्या पदपथांवर राहणाऱ्यांच्या खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. पुढे १९८९ मध्ये रस्त्यावर माल विकणे हाही व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असा निर्णय झाला. म्हणजे खिडकीच्या आत झोपू पाहणारा आणि खिडकीखाली चूल पेटवणारा, दोघेही राज्यघटनेचे एकच पान हाती घेऊन उभे आहेत. एकाचा हक्क दुसऱ्याला पूर्णपणे पुसून टाकतो, असे मानणाऱ्याने ते पान नीट वाचलेले नाही.

आता बंगळुरूचे नियम पाहू. जानेवारी २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या दुकानांना व आस्थापनांना तीन वर्षांसाठी चोवीस तास उघडे राहण्याची मुभा दिली. २०२४ मध्ये शहरातील परवानाधारक हॉटेले व मद्यालये रात्री एकपर्यंत चालू ठेवण्याचा आदेश निघाला. यातील 'दहा कर्मचारी' ही अट मला खटकते. ज्याच्याकडे दहा नोकर आहेत, त्याला रात्रभर मुभा. पती-पत्नी आणि एक मदतनीस मिळून जे दुकान चालवतात, त्यांना ती नाही. दहा नोकरांच्या दुकानाचा आवाज तिघांच्या दुकानाहून कमी असतो, असे कोणी म्हणणार नाही.

महाराष्ट्रातही असाच एक प्रकार घडला. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत रात्रभर दुकाने व उपाहारगृहे उघडी ठेवण्याचे धोरण आले, तेव्हा ते मुख्यतः निवासी वस्ती नसलेल्या भागांतील मॉल आणि जुन्या गिरण्यांची आवारे यांच्यापुरते ठेवण्यात आले. तेथे कोणाची झोप मोडण्याचा प्रश्न फारसा येत नाही, हे खरे. पण रात्रपाळीचा कामगार मॉलमध्ये जेवायला जात नाही. तो स्थानकाबाहेर, रुग्णालयाच्या फाटकापाशी आणि बाजाराच्या तोंडाशी असतो आणि त्या ठिकाणी वस्ती असतेच. ज्या गिरण्यांच्या आवारांत आज उपाहारगृहे दिसतात, त्याच गिरण्यांचे कामगार पूर्वी आसपासच्या चाळींमधील खानावळींत जेवत. त्या खानावळी बहुधा बाया आपल्या राहत्या खोलीतच चालवत. अशा बायांना एकत्र आणण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. पाळीवर जाणाऱ्याचा आणि पाळीवरून येणाऱ्याचा डबा शेजारच्याच खोलीत शिजत होता आणि चाळीने तो आवाज आपला मानला होता. कारण जेवणारा आणि झोपणारा एकाच गिरणीत होते. आज यशवंतपुरात जेवणारा हमाल आणि वर झोपणारे कुटुंब एकमेकांना ओळखत नाहीत. खरी अडचण तेथून सुरू होते.

इंदूरचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. होळकरांच्या या शहरातील सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि पेढ्या बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांपुढे खाद्यपदार्थांचा बाजार भरतो. रात्री वर्दळ राहिल्याने पेढ्यांची राखण आपोआप होते, म्हणून सराफांनीच ही प्रथा चालू दिली, असे सांगतात. याच शहराने २०२२ मध्ये बसच्या खास मार्गालगतची दुकाने रात्रभर उघडी ठेवण्यास परवानगी दिली; पण दारू पिऊन होणाऱ्या दंग्याच्या आणि गैरप्रकारांच्या तक्रारी वाढल्यामुळे २०२४ मध्ये ती मागे घेतली. एक बाजार पिढ्यान्‌पिढ्या टिकला, दुसरा दोन वर्षांत मोडला. सराफ्याची जागा ठरलेली आहे आणि ज्याच्या दारात बाजार भरतो त्याचा त्यात काही लाभ आहे. मार्गालगतच्या योजनेत मैलोगणिक रस्ता एकाच आदेशाने मोकळा झाला; कोणत्या दुकानापुढे काय होते, यावर लक्ष ठेवणे कोणालाच शक्य नव्हते. तेव्हा परवाना दुकानागणिक तपासून द्यावा, संपूर्ण रस्त्याला सरसकट देऊ नये, हे मला पटते.

परवाना नाकारला म्हणजे त्रास टळला, असे ज्यांना वाटते, त्यांनी रात्री स्थानकाबाहेर एक फेरी मारावी. सायकलवर चहाची किटली आणि डब्यात इडल्या घेऊन फिरणारे विक्रेते तेथे आढळतील. भूक असते तेथे विक्रेता येतो. परवाना नसेल तर तो परवान्यावाचून येतो. त्याच्याकडे कचऱ्याची पेटी नसते, हात धुण्यास पाणी नसते आणि तक्रार करावी तर त्याला पत्ताही नसतो. परवानाधारक दुकानदाराकडे गमावण्यासारखे काही असते. शेजाऱ्यांच्या हाती जे एकमेव बळ येऊ शकते ते हेच. आणि परवाना नाकारण्याचा आग्रह धरून ते स्वतःच ते सोडून देतात.

यावर शेजाऱ्यांचे सर्वांत बिनतोड उत्तर असे असते : 'एकदा दिलेला परवाना आपल्याकडे कधी परत घेतला जातो का?' हा अविश्वास अनुभवातून आलेला आहे. तो केवळ आश्वासनाने दूर होणार नाही. इंग्लंडमध्ये २००३ च्या परवाना कायद्यानुसार रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत गरम अन्न किंवा गरम पेय विकण्यास वेगळा परवाना लागतो. थंड सँडविचला तो लागत नाही, ही गंमत सोडून देऊ. सार्वजनिक उपद्रव टाळणे हे त्या कायद्याच्या चार उद्दिष्टांपैकी एक आहे आणि दिलेल्या परवान्याचा फेरविचार करावा, अशी मागणी शेजारी करू शकतात. तेथेही सारे सुरळीत चालते असे नाही. पण मागणी कोणाकडे करायची, हे तरी तेथील माणसाला ठाऊक असते.

'उपद्रव' हा शब्द आपण उंदरांपासून पाहुण्यांपर्यंत कोणासाठीही वापरतो. कायद्यातील 'सार्वजनिक उपद्रव' अधिक नेमका आहे : लोकांना सामायिकपणे इजा, धोका किंवा त्रास होईल असे कृत्य वा हलगर्जीपणा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये त्याची व्याख्या आहे. पण तो मार्ग दंडाधिकाऱ्यांच्या दारातून जातो आणि रात्रीच्या नोकरीनंतर तेथे खेटे घालण्यास फारच थोड्यांना सवड असते. म्हणून उपाय परवान्यातच असावा.

माझी सूचना अशी. पहिला परवाना सहा महिन्यांचा द्यावा आणि मुदत संपताच तो आपोआप संपावा. रद्द करण्यासाठी शेजाऱ्यांनी धावपळ करावी, असे नको. पुन्हा मिळवण्यासाठी दुकानदाराने धावपळ करावी. पंखा खिडक्यांच्या बाजूस नसावा, तर त्याची नळी छपराच्या वर न्यावी. भांडी अकरानंतर उघड्यावर घासू नयेत. घरपोच सेवेच्या मुलांना उभे राहण्यास घरांपासून दूर, शक्यतो मुख्य रस्त्यावर जागा आखून द्यावी. ते काम महानगरपालिकेचे व वाहतूक पोलिसांचे आहे, दुकानदाराच्या माथी मारू नये. पदपथावर पन्नास पावलांपर्यंत पडलेले कागद आणि डबे दुकानदाराने बंद करण्यापूर्वी उचलावेत. या अटी कन्नडमध्ये आणि गल्लीतील लोक वाचू शकतील अशा आणखी एखाद्या भाषेत शटरवर रंगवाव्यात. शेजारी त्याच्या भाषेत वाचू न शकलेली अट त्याच्या काही कामाची नाही. दहा नोकरांची अट मात्र काढून टाकावी. दुकान लहान की मोठे, यावरून मुभा ठरू नये. त्याच्या दारात काय घडते, त्यावरून ठरावी.

यात एक गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि तिच्याशिवाय बाकीचे सारे निरर्थक आहे. दुकानांची तपासणी करणारा निरीक्षक सकाळी अकरा वाजता येतो. त्या वेळी दुकान बंद असते, रस्ता झाडलेला असतो, पंखा थांबलेला असतो आणि अहवालात 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असे लिहिले जाते. रात्री परवाना हवा असेल, तर तपासणीही रात्रीच व्हायला हवी : आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी आणि एखाद्या शनिवारी, पूर्वसूचना न देता, रात्री साडेबारा वाजता, ध्वनिमापक यंत्र घेऊन आणि तक्रारदाराच्या खिडकीत उभे राहून. महानगरपालिकेला त्यासाठी रात्रपाळीचे दोन-तीन निरीक्षक नेमावे लागतील, आणि त्यांनाही त्या वेळी कोठेतरी जेवावे लागेल.