खेळाच्या सर्व्हरसाठीं यंत्र कोणतें घ्यावें?

एकेकाळीं एकाच वाड्यांत वाढणारीं भावंडें आज वेळापूर, पुणें, बंगळूर आणि न्यू जर्सी अशा ठिकाणीं विखुरलेलीं आहेत. त्यांची सुटीपुरती होणारी गांठ आतां कित्येक घरांत ‘माइनक्राफ्ट’सारख्या खेळांत दर आठवड्यास होऊं लागली आहे. २०११ सालीं पूर्णरूपानें प्रसिद्ध झालेल्या या स्वीडिश खेळांत मुलें एका काल्पनिक भूमीवर मिळून घरें बांधतात, शेती करतात, पाट खणतात. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ सालच्या केंद्रीय कायद्यानें बंदी घातली आहे. तो व्यवहार निराळा आणि हा खेळ निराळा, हें वडील मंडळींनीं प्रथम ध्यानांत घ्यावें. ही सामायिक भूमि ज्या संगणकावर सदैव जागी राहते, त्यास सर्व्हर म्हणतात. असें यंत्र घरचें असावें असा मुलांचा हट्ट असतो, आणि किंमत ऐकून आजोबांच्या भुंवया चढतात. म्हणून तें कसें निवडावें, याचा आज विचार करूं.

प्रथम त्याचें काम काय, तें पाहिलें पाहिजे. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदास वीस ठोके मोजतो. म्हणजे प्रत्येक ठोक्यास पन्नास मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यांत प्रत्येक मुलाचें पाऊल, गाईगुरांची हालचाल, पाण्याचा ओघ आणि पिकाची वाढ यांचा हिशेब करून तो सर्वांस कळवावयाचा असतो. या कामास ऐशीं मिलिसेकंद लागूं लागले, कीं ठोका चुकतो. फोडलेला दगड पुन्हां जागेवर दिसतो, दार उशिरां उघडतें, आणि ‘तूं फसवलेंस’ म्हणून भावंडांत भांडण जुंपतें. दोष कोणाचाच नसतो; यंत्राची दमछाक झालेली असते.

येथेंच खरेदीची मुख्य मेख आहे. या हिशेबाचा मोठा भाग एकामागून एक, एकाच ओळीनें चालतो. आषाढींत ज्ञानेश्वरमाउलींची पालखी आमच्या वेळापुरास मुक्कामाला येते, तेव्हां रथापुढील आणि रथामागील दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. रस्ता कितीहि रुंद केला, तरी मागची दिंडी पुढचीस ओलांडीत नाहीं. सोहळा लवकर पोंचतो तो चाल वाढली तर. प्रोसेसरमधील कोअरची संख्या ही रस्त्याची रुंदी, आणि एका कोअरचा वेग ही चाल. बाजारांत कचेऱ्यांतून निघालेले, दोन प्रोसेसरांचे व वीस-चोवीस कोअरांचे जुने सर्व्हर स्वस्तांत मिळतात. त्यांचें नांव भारदस्त, आवाज त्याहून भारदस्त. परंतु प्रत्येक कोअर मंदगति. त्यापेक्षां चार-सहा वेगवान कोअर असलेला अलीकडचा साधा घरगुती संगणक या कामीं सरस ठरतो. दुकानदारास ‘कोअर किती?’ असें न विचारतां ‘एका कोअरचा वेग किती?’ असें विचारावें.

मेमरीचेंहि तसेंच आहे. आठ-दहा मुलांच्या साध्या खेळास चार ते सहा जीबी पुरतात. यंत्रांत एकंदर सोळा जीबी असली म्हणजे झालें. उलट फुकट वांचविण्याजोगें काम पुष्कळ असतें. सोळा गुणिले सोळा ठोकळ्यांच्या भूखंडास या खेळांत ‘चंक’ म्हणतात. दृष्टीचें अंतर दहा ठेविलें, तर एका मुलाभोंवतीं एकवीस गुणिले एकवीस, म्हणजे ४४१ चंक जागते ठेवावे लागतात. तेंच सहा केलें, तर अवघे १६९. एक आंकडा बदलल्यानें भार निम्म्याहून खालीं येतो, आणि खर्च शून्य. साठवणीस मात्र फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडीच असावी. कारण मुलें नव्या मुलखांत धांवूं लागलीं, कीं वाचणें आणि लिहिणें एकदम वाढतें.

यंत्रानें जें सुधारत नाहीं, तें अंतर. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबईहून वेळापुरास जाऊन येण्यास त्यास थोडेच मिलिसेकंद लागतात. पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यास जाऊन येण्यास सव्वाशें तरी हवेतच. घरें बांधण्याच्या खेळांत हें चालून जातें. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या नेमबाजीच्या खेळांत सर्व्हर सेकंदास चौसष्ट ठोके मोजतो, म्हणजे ठोका पंधरा-सोळा मिलिसेकंदांचा. तेथें दूरच्या भावंडाची गैरसोय अटळ आहे. लाखाचें यंत्रहि ती दूर करूं शकत नाहीं.

घरीं यंत्र ठेवावयाचें, तर विजेचा हिशेब करावा. साठ वॅटचें यंत्र अहोरात्र चालल्यास महिन्यास सुमारें त्रेचाळीस युनिट लागतात. दोनशें वॅटचा जुना सर्व्हर एकशें चव्वेचाळीस घेतो. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यांत पारा चाळीशीपार जातो, म्हणून तें बंद कपाटांत कोंडूं नये. इंटरनेटची जोडणी घेतांना अपलोडचा वेग पाहावा, आणि घरास स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळतो काय, हें विचारावें. पुष्कळ कंपन्या एकच पत्ता अनेक घरांत वांटतात. मग बाहेरच्या भावंडांस आंत येण्यास वाटच राहत नाहीं. तें जमत नसेल, तर मुंबईंतील डेटा सेंटरमध्यें महिन्याच्या भाड्यानें जागा घेणें सोयीचें.

आमचा सल्ला स्थालीपुलाकन्यायाचा आहे : भात शिजला कीं नाहीं, तें एका शितावरून पाहावें. घरांत पडून असलेल्या संगणकावरच महिनाभर सर्व्हर चालवून पाहावा. ‘टिक क्वेरी’ ही आज्ञा दिली, कीं एका ठोक्यास सरासरी किती वेळ लागतो, तें तो स्वतः सांगतो. आंकडा पन्नासाच्या बराच खालीं राहिला, तर नवें यंत्र घेण्याचें कारणच नाहीं.

वांचलेल्या पैशांतून दोन गोष्टी अवश्य घ्याव्यात : एक यूपीएस, आणि दुसरी वेगळी डिस्क, जीवर रोज रात्रीं त्या भूमीची नक्कल उतरेल. यंत्र बिघडलें तर दुसरें विकत मिळतें. पण दोन वर्षें खपून पांच घरांच्या मुलांनीं वसविलेलें गांव लिहितां लिहितां वीज जाऊन नासलें, तर तें कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. आंत कोणास प्रवेश द्यावयाचा, याची यादी ‘व्हाइटलिस्ट’ म्हणून ठेवितां येते. ती मुलांनीं घरांतील एका वडिलांस जवळ बसवून करावी. दारांतून कोण येतें, हें पाहण्याचा अधिकार वाडा गेला म्हणून कांहीं गेलेला नाहीं.