चार दिवसांचा पाहुणा, पाच संस्थांची तिकिटे

मुंबईत रोज ये-जा करणाऱ्या चाकरमान्यांच्या हालअपेष्टांवर आजवर रकानेच्या रकाने लिहिले गेले आहेत. चार दिवसांसाठी या शहरात उतरणाऱ्या माणसाच्या वाट्याला मात्र दोन ओळीही क्वचितच येतात. वास्तविक अशा पाहुण्यांची संख्या थोडी नाही. टाटा रुग्णालयात किंवा केईएममध्ये रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक, मुलाखतीसाठी वा परीक्षेसाठी आलेली मुले, मंत्रालयात खेटे घालणारे गावपुढारी आणि सुटीत मुलांना मुंबई दाखवायला निघालेले कुटुंब, अशी ही संमिश्र गर्दी असते. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच या प्रत्येकापुढे एकच प्रश्न उभा राहतो : पास काढावा की प्रत्येक वेळी तिकीट?

या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही, याचे कारण मुंबईत पास नाहीत असे नव्हे. उपनगरी रेल्वेचे एक, तीन व पाच दिवसांचे पर्यटक तिकीट आहे. पश्चिम, मध्य, हार्बर व ट्रान्स-हार्बर या चारही मार्गांवर ते चालते आणि तीन दिवसांच्या तिकिटाला एका दिवसाच्या तिकिटाच्या दुप्पटही पैसे पडत नाहीत. बेस्टचा ७५ रुपयांचा दैनिक पास आहे. जानेवारी २०२३ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या मेट्रो दोन-अ व सात या मार्गिकांवरही एक दिवसाच्या आणि तीन दिवसांच्या अमर्याद प्रवासाच्या पासची सोय करण्यात आली. अडचण अशी, की यातील प्रत्येक पास तो देणाऱ्या संस्थेच्या हद्दीत संपतो. प्रवासी दादरहून वरळीला निघालेला असतो. पास मात्र त्याला आधी रेल्वे, बेस्ट की मेट्रो हे विचारतो.

त्यातही लोकलचे साधे तिकीट इतके स्वस्त आहे, की पासाचा हिशेबच कोलमडतो. दादर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा दुसऱ्या वर्गाचा प्रवास पाच रुपयांत होतो. फलाट तिकिटाला दहा रुपये पडतात. म्हणजे गाडीत बसण्यापेक्षा कुणाला निरोप द्यायला जाणे महाग! अशा भाड्यात दिवसाला दोन-तीन फेऱ्या करणाऱ्याला पर्यटक तिकिटाने पैशांची बचत होत नाही. त्याचा खरा लाभ वेगळाच आहे. तिकीट खिडकीपुढच्या रांगेतून सुटका होते आणि चुकून पुढच्या स्थानकावर उतरले तरी दंडाची धास्ती राहत नाही. नवख्या माणसाच्या दृष्टीने या निश्चिंततेचे मोल कमी लेखता येणार नाही. जागा मिळण्याची हमी मात्र ते तिकीट देत नाही आणि सकाळच्या गर्दीत विरारच्या गाडीत शिरण्याचे कसब तर कोणत्याच खिडकीवर विकत मिळत नाही.

बेस्टची गोष्ट निराळी आहे. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे पाच रुपयांवर आणले, तेव्हा प्रवासी सुखावले होते. ९ मे २०२५ पासून हेच भाडे साध्या गाडीसाठी दहा आणि वातानुकूलित गाडीसाठी बारा रुपये झाले. मासिक पास ९०० वरून थेट १८०० रुपयांवर गेला. दैनिक पास मात्र ६० वरून ७५ रुपयांवरच थांबला. या तीन आकड्यांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. पूर्वी किमान भाड्याच्या बारा फेऱ्या केल्या तर दैनिक पासाचे पैसे वसूल होत. एवढा बसप्रवास एका दिवसात कोण करणार? आता आठव्या फेरीलाच पास फायद्यात येतो. पाच किलोमीटरच्या पुढचा, दहा किलोमीटरपर्यंतचा वातानुकूलित प्रवास असेल, तर वीस रुपयांप्रमाणे चार फेऱ्याही पुरतात. म्हणजे ज्या भाडेवाढीने रोजच्या प्रवाशाचे कंबरडे मोडले, तिनेच चार दिवसांच्या पाहुण्याचा पास प्रथमच खऱ्या अर्थाने उपयोगाचा केला. हे कुणी ठरवून केले असेल असे वाटत नाही.

तरीही प्रत्येक पाहुण्याने तो घ्यावा असे नाही. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून परळच्या रुग्णालयात जाणाऱ्या नातेवाइकाला दिवसाकाठी जवळच्याच दोन फेऱ्या पुरतात. त्याला वीस रुपयांच्या जागी ७५ रुपये मोजायला लावणारा सल्ला हा सल्ला नव्हेच. मुक्काम लांबून पंधरवड्यावर गेला आणि रोजचा रेल्वेमार्ग ठरलेला असला, तर त्याने पर्यटक तिकिटाऐवजी सरळ रेल्वेचा मासिक पास काढावा. महिना पुरा झाला नाही तरी तो बहुधा परवडतो. याउलट गेट वे, राणीची बाग, महालक्ष्मी, सिद्धिविनायक अशी भटकंती एका दिवसात उरकणाऱ्या कुटुंबाला बेस्टचा पास उपयोगी पडतो. पण चौघे बरोबर असतील, तर आणखी एक हिशेब करावा लागतो. १ फेब्रुवारी २०२५ पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे ३१ रुपये झाले. चौघांची बसची किमान तिकिटे होतात चाळीस रुपयांची. जवळच्या अंतरासाठी सार्वजनिक बस टॅक्सीहून महाग पडावी, हे चित्र बेस्टच्या धुरिणांनी जरूर डोळ्यांपुढे ठेवावे.

भुयारी मेट्रोने या हिशेबात नवी भर घातली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका तीन पूर्णपणे खुली झाली आणि विमानतळ, सिद्धिविनायक, विधान भवन ही पाहुण्यांची नेहमीची ठिकाणे एका रेषेत आली. दहा ते सत्तर रुपयांचे हे भाडे लोकलच्या मानाने कितीतरी जास्त आहे. त्याच सुमारास ‘मुंबई वन’ हे अॅप आले. अकरा वाहतूक सेवांची तिकिटे त्यात एकत्र मिळतात. सोय निःसंशय मोठी आहे. पण एकत्र येतात ती तिकिटे, भाडे नव्हे. लोकलचे पाच, मेट्रोचे तीस आणि बसचे दहा मिळून पंचेचाळीस होतात, ते पंचेचाळीसच राहतात. शिवाय ज्याच्या हाती स्मार्टफोन नाही, त्याला रांग सुटत नाही.

लंडनमध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला गेला. २००३ मध्ये तेथे ऑयस्टर कार्ड आले आणि २००५ पासून त्यावर दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा लागू झाली. प्रवाशाने प्रत्येक वेळी कार्ड टेकवायचे. दिवसभरात मर्यादा ओलांडली की पुढील प्रवासाचे पैसे कापले जात नाहीत. सप्टेंबर २०१४ पासून भुयारी रेल्वेतही बँकेचे साधे कार्ड याच रीतीने चालू लागले. कोणता पास घ्यावा हा विचार तेथे पाहुण्याला फारसा करावा लागत नाही. तो हिशेब यंत्रणा करते. त्यासाठी दिवसभर एकच कार्ड वापरण्याचे पथ्य तेवढे पाळावे लागते.

हे तंत्र मुंबईला अवघड नाही. अवघड आहे ती वाटणी. लोकल केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाची, बेस्ट महापालिकेची, घाटकोपर-वर्सोवा मेट्रो खासगी भागीदारीची, दोन-अ व सात एमएमआरडीएच्या कंपनीची, तर भुयारी मेट्रो केंद्र व राज्य यांच्या संयुक्त कंपनीची. या पाचांना मिळून दिवसाचा एकच पास काढायचा, तर त्यातील पैसे कोणत्या निकषावर वाटायचे? अंतरावर वाटले तर कर्ज काढून बांधलेल्या मेट्रोची तक्रार. मूळ भाड्याच्या प्रमाणात वाटले तर सर्वाधिक प्रवासी वाहणाऱ्या लोकलच्या हाती चिल्लर. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांसाठी एकात्मिक महानगर वाहतूक प्राधिकरणाची शिफारस केली होती, ती असे तंटे सोडवण्यासाठीच. प्रत्येक संस्था आपला गल्ला स्वतःच मोजणार असेल, तर अशा प्राधिकरणाने सोडवायचे तरी काय, हा प्रश्न उरतोच.

राज्याला अल्पमुदतीच्या पासाचे वावडे आहे, असेही नव्हे. एसटीची ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ ही योजना १९८८ पासून चालू आहे. चार वा सात दिवसांचा पास काढून गावोगाव हिंडलेली कुटुंबे महाराष्ट्रात कमी नाहीत. त्याच कुटुंबाची एसटी मुंबईच्या आगारात शिरते, आणि तेथून पुढच्या चार कोसांसाठी खिशात तीन निरनिराळी तिकिटे गोळा होतात.