बारा लाखांना माफी, दहा हजारांवर कर

१ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही असं जाहीर झालं आणि आम्हा मास्तर लोकांच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. आनंद खोटा नव्हता. पगारदाराचा कर हातात पैसे पडायच्या आधीच कापला जातो, त्याला सवलत मिळायलाच हवी होती. पण शिरोलीच्या फाउंड्रीत महिना १६,००० रुपयांवर काम करणाऱ्या माणसाला यातून काय मिळालं? काहीच नाही. तो आयकराच्या कक्षेत कधी नव्हताच. तो जो कर भरतो, त्याचं नावही त्या दिवशी कुणी घेतलं नाही.

त्याच्या पगारातून दरमहा २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५०० झाले. हा राज्य सरकारचा व्यवसाय कर. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना दहा हजारांच्या वर गेला की तो पूर्ण लागतो. स्त्रियांना २०२३ पासून २५,००० पर्यंत माफी मिळाली, ते चांगलंच झालं.

आता त्याच कारखान्याच्या संचालकाकडे बघा. त्याचा पगार वर्षाला एक कोटी असला तरी त्याचाही व्यवसाय कर २,५०० रुपयेच. कामगाराच्या उत्पन्नाचा सव्वा टक्क्याहून जास्त भाग जातो, साहेबांच्या उत्पन्नातल्या दर चार हजार रुपयांमागे एक रुपया. राज्यघटनेच्या कलम २७६ ने या करावर वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातली आहे. ती १९८८ साली ठरली, अजून तिथेच आहे.

हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. दुष्काळात खडी फोडणाऱ्याला काम मिळावं म्हणून ज्यांना नोकरी आहे त्यांनी थोडा भार उचलावा, हा विचार उत्तम होता. पण आज दहा हजारांत घर चालवणारा माणूस भार उचलणाऱ्यांत धरायचा का? उद्या त्यालाच हमीची गरज पडेल!

आपल्याकडे जकातीला निसाब असतो. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक नसेल तर जकात लागत नाही. चांदी महागली की ती मर्यादा आपोआप वर सरकते. तेल, डाळ, घरभाडं, रिक्षा सगळं महागलं, पण आपल्या सरकारची दहा हजारांची रेघ मात्र दहा वर्षांहून अधिक काळ हललेली नाही.

सरकारला परवडणार नाही असं कुणी म्हणेल. त्यांनी कागलहून निपाणीला जावं, अर्ध्या तासाचा रस्ता आहे. कर्नाटकात २०२३ पासून २५,००० च्या आतल्या पगाराला व्यवसाय कर नाही, पुरुषालाही नाही. निपाणीच्या कामगाराला जे मिळतं ते कागलच्या कामगाराला का नाही?

वरच्यांवर कर वाढवला तर ते पळून जातील, हेही नेहमीचं ऐकतो. पाच कोटींवरच्या उत्पन्नाचा सरचार्ज २०२३ मध्ये नव्या प्रणालीत ३७ टक्क्यांवरून २५ वर आणला. सर्वात श्रीमंतांना सूट देताना पैसा कुठून येणार हे कुणी विचारलं नाही. तो प्रश्न दोनशे रुपयांच्या वेळीच कसा आठवतो?

मागणी सरळ आहे. राज्याने २५,००० पर्यंतचा पगार सर्वांसाठी व्यवसाय करातून वगळावा. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही, विधिमंडळ ते करू शकतं. तूट भरून काढण्यासाठी कमाल मर्यादा वाढवून लाखांत पगार घेणाऱ्यांकडून जास्त घ्यावं. त्याला घटनादुरुस्ती लागेल, तो आग्रह आपल्या खासदारांनी धरावा.

टोल देणार नाही म्हणून हे कोल्हापूर रस्त्यावर उतरलं होतं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढे होती, आणि तो टोल शेवटी रद्द झाला. टोलनाका डोळ्यांना दिसत होता. व्यवसाय कर पगाराच्या चिठ्ठीत दडलेला असतो, म्हणून त्याविरुद्ध घोषणा होत नाही. निदान या महिन्याची चिठ्ठी नीट वाचा, आणि पुढच्या वेळी आमदार मोहल्ल्यात आले की ती त्यांच्यापुढे धरा.