मोडीतल्या केगचा भाव

तेल प्लास्टिकच्या पिशवीतून घरात येऊ लागले, तसा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा घरातून हळूहळू नाहीसा झाला. पूर्वी तेल संपले की डबा उरे आणि त्या रिकाम्या डब्यावर घरात आधीच दोघा-तिघांचा डोळा असे. कुणाला त्यात तांदूळ भरायचे असत, तर कुणाला गॅलरीत तुळस लावायची असे. डब्याचे पैसे कुणी वेगळे मोजत नसे. डबा मिळेनासा झाला, तेव्हा कुठे लक्षात आले की ही फुकटची सोय कुणी मुद्दाम आपल्यासाठी केलेली नव्हती. दुसऱ्याच्या धंद्यातले ते केवळ उरलेले होते.

अमेरिकेत घरच्या घरी बिअर बनवणाऱ्या हौशी मंडळींवर नेमकी हीच वेळ आली. त्यांचा डबा तेवढा पत्र्याचा नव्हता, स्टेनलेस स्टीलचा होता. त्याला तिथे केग म्हणतात.

घरी बिअर बनवणे हा तिथे बेकायदा उद्योग नाही. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण बिअरचा उल्लेख कायद्यातून राहून गेला. ही उणीव भरून निघायला पंचेचाळीस वर्षे लागली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याची मान्यता मिळाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर. अट एकच, ती विकायची नाही. तरीही राज्याराज्यांचे कायदे वेगळे असल्यामुळे मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांत ही मुभा मिळायला २०१३ साल उजाडले. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. तेव्हा इथल्या वाचकांसाठी हा विषय वाचण्यापुरता, करून पाहण्याचा नव्हे.

या हौसेत खरी कटकट बिअर बनवण्यात नाही, ती भरून ठेवण्यात आहे. सातूला मोड आणून, वाळवून त्याचा माल्ट तयार होतो. तो गरम पाण्यात मुरवून गोड काढा काढायचा, हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून उकळायचा, गार करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. आठवडा-दोन आठवड्यांत बिअर आंबून तयार होते. हौशी माणसाचा एक घाणा साधारणपणे ५ गॅलनचा, म्हणजे सुमारे १९ लिटरचा असतो. एवढी बिअर ३५५ मिलिलिटरच्या बाटल्यांत भरायची तर पन्नासच्या वर बाटल्या लागतात. प्रत्येक बाटली धुवायची, निर्जंतुक करायची, फेस यावा म्हणून मोजून साखर घालायची, बूच ठोकायचे आणि पुन्हा दोनेक आठवडे वाट पाहायची. साखर जास्त पडली तर कपाटात ठेवलेली बाटली फुटून काचा उडतात त्या वेगळ्याच. पन्नास बाटल्यांच्या जागी एकच भांडे धुवावे लागले तर किती बरे, असे कुणालाही वाटणारच.

असे भांडे तयारच होते, फक्त ते शीतपेयवाल्यांकडे होते. अमेरिकेतल्या हॉटेलांत आणि सिनेमागृहांत नळ दाबला की पेल्यात शीतपेय पडते. त्यासाठी लागणारा पाक, आणि काही ठिकाणी तयार पेयच, कंपन्या ५ गॅलनच्या उभट स्टीलच्या केगमधून पोचवत असत. मिनेसोटा राज्यातल्या कॉर्नेलियस या कंपनीचे केग इतके पसरले की पुढे कुणीही बनवलेल्या अशा केगला हौशी मंडळी लाडाने 'कॉर्नी' म्हणू लागली.

या केगची रचना साधी आहे. डोक्यावर लंबगोल झाकण असते. हॉकिन्स कुकरचे झाकण जसे आतून बसते आणि वाफेच्या दाबाने घट्ट होते, तसेच हेही आतून बसते. झाकण काढले की हात आत घालून तळापर्यंत घासता येते. वर दोन तोंडे असतात. एकातून कार्बन डायऑक्साइड आत सोडायचा. दुसऱ्या तोंडाला जोडलेली नळी तळापर्यंत गेलेली असते. गॅसचा दाब पडला की त्या नळीतून पेय वर येते. बिअर भरा, थंड करा, गॅस जोडा, काही दिवसांत फेसाळ बिअर तयार. ५ गॅलनचा घाणा आणि ५ गॅलनचा केग, हे जणू ठरवून जुळवलेले माप होते. पण ते ठरवलेले नव्हते.

शीतपेयाच्या कंपन्यांना हे केग एक दिवस नकोसे झाले. कारण ठरली एक प्लास्टिकची पिशवी. विल्यम शोल या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने १९५५ मध्ये बॅटरीतले ॲसिड नेण्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात बसणारी पिशवी तयार केली होती. पुढे तीच युक्ती दुधाला, वाइनला आणि शीतपेयाच्या पाकालाही लागू पडली. पिशवी हलकी असते, ती रिकामी परत आणावी लागत नाही आणि धुवावी तर मुळीच लागत नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांत केगची जागा खोक्यांनी घेतली. कंपन्यांच्या गोदामांत रिकाम्या केगचे ढीग साचले आणि ते मोडीत निघाले. भंगारवाल्यांकडून ते हौशी मंडळींच्या दुकानांत आले.

तो काळ या लोकांच्या दृष्टीने सुकाळाचा होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत जुना केग १५-२० डॉलरला सहज मिळे. चार-चार, सहा-सहा केग एकदम घेऊन गॅरेजमध्ये ठेवणारेही होते. पुढे हे आकडे बदलत गेले. ४० झाले, ५० झाले आणि चांगल्या स्थितीतल्या केगला त्याहूनही जास्त मोजावे लागू लागले. पूर्वी दुकानात जाऊन निवड करता येई. मग 'माल आला की कळवू' असे उत्तर मिळू लागले.

यात कुणा व्यापाऱ्याने माल दडवला असे समजण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट म्हणजे, मोडीचा ढीग कितीही मोठा असला तरी त्यात नवी भर पडत नव्हती. जो केग विकला गेला तो ढिगातून कायमचा गेला. दुसरी गोष्ट, हौस वाढली. केग स्वस्त म्हणून माणसे या छंदाकडे वळली आणि माणसे वळली म्हणून केग स्वस्त राहिला नाही. तिसरे कारण धातूचे. या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या प्रतीच्या भांड्यांचा धातूही हाच. मे २००७ मध्ये लंडनच्या धातुबाजारात निकेलचा भाव टनाला ५०,००० डॉलरच्या वर गेला. अशा वेळी केग धुऊन, तपासून एकेक विकण्यापेक्षा सरळ वितळवायला पाठवणे भंगारवाल्याला परवडते. भाव पुढे उतरला, पण भट्टीत गेलेला केग परत येत नाही. शिवाय रिकामा केग एकात एक बसत नाही. तो दूरच्या गावी पाठवायचा म्हणजे हवेचे भाडे भरण्यासारखेच.

जुन्या केगमध्येही दोन जाती आहेत आणि त्यांचे भाव सारखे नसतात. पेप्सीच्या गोटातला केग उंच, सडपातळ. त्याला 'बॉल लॉक' म्हणतात. कोका-कोलाकडचा किंचित बुटका आणि रुंद. तो 'पिन लॉक'. पिन लॉकच्या गॅसच्या तोंडाला दोन खुंट्या आणि पेयाच्या तोंडाला तीन, त्यामुळे नळ्या चुकून उलट्या लागत नाहीत. बॉल लॉकचे सुटे भाग सहज मिळतात आणि बहुतेकांच्या झाकणावर दाब सोडायची कडी असते, म्हणून त्याला मागणी जास्त. थोडे पैसे वाचवायचे तर पिन लॉक घ्यावा, पण मग घरातले सगळे केग त्याच जातीचे हवेत. अर्धे असे आणि अर्धे तसे घेतले की जोडण्या दुप्पट घ्याव्या लागतात आणि वाचवलेले पैसे तिथेच जातात.

महागाई वाढली की काही माणसे आडवाट शोधतात, तसे इथेही झाले. बिअरच्या कंपन्यांचा स्वतःचा मोठा केग असतो. तो साडेपंधरा गॅलनचा, म्हणजे सुमारे ५९ लिटरचा. हौशी लोक त्याचे वरचे झाकण कापून त्याचे बिअर उकळायचे पातेले करतात. हा केग दुकानातून नेताना गिऱ्हाईक काही डॉलर डिपॉझिट ठेवते. अनेक वर्षे हे डिपॉझिट १० डॉलरच्या आसपास होते आणि नव्या केगची किंमत मात्र शंभराच्या वर. डिपॉझिट सोडून दिले की केग आपला झाला, अशी अनेकांची समजूत होती. ती चूक आहे. आपल्याकडे गॅस सिलिंडरचे डिपॉझिट भरले म्हणून सिलिंडर आपल्या मालकीचा होत नाही, तो कंपनीचाच राहतो. तसेच हे.

स्टील महागल्यावर गंमत अशी झाली की केगच्या मोडीचा भाव डिपॉझिटपेक्षा जास्त झाला. मग हॉटेलांच्या मागच्या दारी ठेवलेले रिकामे केग चोरीला जाऊ लागले. मोठ्या कंपनीला असा तोटा सोसता येतो. ज्याच्याकडे मोजके केग आहेत त्या छोट्या बिअरवाल्याची मात्र तयार बिअर भांड्याअभावी अडून राहते. अखेर कंपन्यांनी डिपॉझिट वाढवले. कंपनीचे नाव कोरलेला केग मालकीचा पुरावा पाहिल्याशिवाय भंगारवाल्याने घेऊ नये, असे कायदेही अनेक राज्यांनी केले. शीतपेयाचा मोडीत निघालेला केग आणि बिअर कंपनीचा 'परत न केलेला' केग दिसायला भाऊ-भाऊ असतील, पण पहिला विकत घेतलेला असतो आणि दुसरा बळकावलेला. स्वस्ताईच्या दिवसांत या फरकाकडे कुणी फारसे पाहत नव्हते. महागाईने तो डोळ्यांपुढे आणला.

दुसऱ्याच्या मोडीवर हौस करणे यात कमीपणा मात्र काही नाही. अमेरिकेतला छोट्या बिअर कारखान्यांचा आजचा मोठा व्यवसाय अशाच मोडीतून उभा राहिला. जॅक मॅकऑलिफ यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा इथे 'न्यू अल्बियन' हा छोटा कारखाना काढला, तेव्हा त्यांची बरीचशी भांडी म्हणजे कोका-कोलाच्या पाकाची ५५ गॅलनची जुनी पिंपे होती. तो कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. पण त्याच राज्यातल्या चिको गावी केन ग्रॉसमन यांनी दूधडेअरीची जुनी सामग्री जमवून १९८० मध्ये 'सिएरा नेवाडा' सुरू केली आणि ती देशातल्या नामांकित कंपन्यांपैकी एक झाली. या दोघांनाही छोट्या कारखान्यासाठी मुद्दाम बनवलेली यंत्रे बाजारात मिळत नव्हती. आज ती मिळतात, आणि त्यांची पूर्ण किंमत मोजावी लागते.

केगचेही तसेच झाले. जुन्याचा भाव इतका वाढला की नवा बनवणे कारखान्यांना परवडू लागले. इटलीत आणि चीनमध्ये बनलेले नवे केग आता हौशी माणसासाठीच विकले जातात. त्यांतल्या चांगल्यांची किंमत शंभर डॉलरच्या आसपास जाते. शीतपेयवाल्यांच्या मेहेरबानीने इतकी वर्षे पंधरा-वीस डॉलरला मिळालेल्या वस्तूची खरी किंमत ही होती.

तरीही जुना घेणाऱ्याने काय पाहावे, हे जाणकार सांगतात. केग चेपलेला असला तरी चालतो, पण झाकणाच्या कडेला खोच नसावी. जुन्या शीतपेयाचा वास स्टीलमध्ये राहत नाही, तो रबरात राहतो. म्हणून झाकणाची, दोन्ही तोंडांची आणि दोन्ही नळ्यांची अशा पाचही रबरी रिंगा आधी बदलाव्यात. त्यांना फारसा खर्च येत नाही. धुण्यासाठी क्लोरीनचे ब्लीच वापरू नये, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात. मग गॅस भरून सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे, सिलिंडरचा रेग्युलेटर गळतो का ते पाहतात तसे. बुडबुडे आले नाहीत तर केग चांगला. आणि झाकण उघडण्यापूर्वी आतला दाब सोडायला कधीही विसरू नये.

एवढी निगा राखली तर हा केग आणखी कित्येक वर्षे टिकतो, आणि म्हणूनच तो बाजारात परत येत नाही. ज्यांनी स्वस्ताईत सहा घेतले, त्यांच्याकडे ते सहाही अजून वापरात आहेत. शीतपेयाच्या कारखान्यांची गोदामे केव्हाच रिकामी झाली. आता एखादा जुना केग विक्रीला निघतो, तो बहुधा कुणाच्या तरी गॅरेजमधून. घर बदलले, वय झाले किंवा हौस फिटली, की दुसऱ्या एखाद्या हौशी माणसाला तो मिळतो.